पीटीटी दाबलं की सेट बंद: वापरलेल्या कार अडॅप्टरमधला दोष कसा शोधायचा

तक्रार बहुतेक वेळा एकाच वाक्यात येते: "ऐकू नीट येतं, पण बोलायला बटण दाबलं की सेट बंद पडतो." पीटीटी म्हणजे हेच बोलायचं बटण. ते सोडलं की सेट पुन्हा जागा होतो, सुरू होतानाची बीप देतो आणि काही झालंच नाही अशा थाटात चॅनेलवर बसतो. पलीकडच्या माणसाला तुमचा आवाज अर्ध्या अक्षरावर तुटलेला ऐकू येतो. वॉकीटॉकीचे वापरलेले कार अडॅप्टर मी ऑनलाइन तीनदा घेतले, तीन वेगवेगळ्या विक्रेत्यांकडून. तिन्हींच्या वर्णनात 'तपासलेला, चालू' असं लिहिलं होतं. तिन्हींचं लक्षण हेच होतं, कारणं मात्र तीन निघाली.

पहिल्या अडॅप्टरच्या वेळी मी जी चूक केली, ती बहुतेक सगळे करतात. प्लग गाडीत लावला आणि डमी बॅटरीच्या (अडॅप्टरचं सेटला बॅटरीच्या जागी बसणारं खोकं) पट्ट्यांवर व्होल्ट मोजायचा मीटर धरला. 8.1 व्होल्ट. दोन लिथियम सेलची बॅटरी पूर्ण भरली की 8.4 देते, म्हणजे 8.1 उत्तमच. अडॅप्टर निर्दोष ठरवून मोकळा झालो आणि सेट उघडून बसलो. तासभर आत काहीच सापडलं नाही. बंद करताना पाणी आत जाऊ नये म्हणून बसवलेला रबराचा पट्टा खाचेत बसेना, ओढून बसवायला गेलो तर तुटला. दुसरा सेट लावून बघावा हे सुचलं त्यानंतर. तोही बटण दाबताच बंद पडला.

चूक कुठे झाली? मीटर स्वतः जवळजवळ काहीच करंट ओढत नाही. सेट नुसता ऐकत बसलेला असतो तेव्हा तोही फार ओढत नाही, शंभर मिलिअँपिअरच्या आतबाहेर. पण 5 वॅटचा हँडसेट बोलताना दीड ते दोन अँपिअर मागतो, कारण अँटेनावर 5 वॅट पोचवायला बॅटरीकडून दहा-पंधरा वॅट घ्यावे लागतात. म्हणजे बटण दाबल्याबरोबर मागणी पंधरा-वीस पट होते. वाटेत कुठेतरी एक ओहमचा अडथळा असेल तर ऐकताना तो 0.1 व्होल्ट खातो आणि कोणाच्या लक्षातही येत नाही. तोच ओहम बोलताना दीड-दोन व्होल्ट खातो. व्होल्टेज 6 च्या जवळ घसरलं की सेटला वाटतं बॅटरी संपली, आणि तो स्वतःला बंद करून घेतो. तो बिघडलेला नसतो, त्याला उपाशी ठेवलेलं असतं.

एक गोष्ट आधी नक्की करा: तुमच्या हातात जे आलंय ते सेट चालवणारं अडॅप्टर आहे का? विक्रेते सगळ्यालाच 'कार अडॅप्टर' म्हणतात. एक प्रकार म्हणजे डमी बॅटरी: बॅटरीच्याच आकाराचं रिकामं खोकं, त्यातून निघालेली गुंडाळीची वायर, टोकाला लायटर प्लग. हा सेट चालवतो. दुसरा प्रकार म्हणजे चार्जिंग स्टँडला वीज देणारी वायर, गोल पिनची. तिने बॅटरी चार्ज होते, सेट चालत नाही, आणि ती दुरुस्त करूनही चालणार नाही. तिसरा म्हणजे पाळण्यासारखा स्टँड, ज्यात सेट खोवला की वीज, स्पीकर आणि बाहेरची अँटेना सगळंच जोडलं जातं. पुढचं बरंचसं पहिल्या प्रकाराबद्दल आहे. पाळण्याबद्दल शेवटी थोडं.

सेट लावण्याआधी एक बल्ब

वापरलेला अडॅप्टर आला की तो थेट सेटला लावायचा नाही. कितीही घाई असली तरी नाही. आतला रेग्युलेटर (गाडीचं व्होल्टेज सेटला हवं तेवढं कमी करणारा भाग) जळून आरपार शॉर्ट झालेला असेल तर गाडीचे 12.6 व्होल्ट, आणि इंजिन चालू असेल तर 14 च्या आसपास, सरळ 7.4 व्होल्टच्या सेटमध्ये घुसतात. आधीच्या मालकाने वायर तुटल्यावर स्वतः जोडली असेल तर प्लस-मायनस उलटेही असू शकतात. म्हणून पहिलं माप उघड्यावर, काहीही न जोडता. 8.5 च्या वर आकडा दिसला किंवा उणे चिन्ह दिसलं तर तिथेच थांबा. बिनलोडचं माप एवढ्याच कामाचं. व्होल्टेज जास्त आहे का, एवढं ते सांगतं. पुरेसं आहे का, ते सांगत नाही.

पुरेसं आहे का ते बल्ब सांगतो. गाडीच्या इंडिकेटरचा 12 व्होल्ट 21 वॅटचा साधा तारेचा बल्ब घ्या, एलईडीचा नको. त्याला दोन वायरी झाळा आणि डमी बॅटरीच्या पट्ट्यांना लावा. साडेसात-आठ व्होल्टवर तो सव्वा अँपिअरच्या थोडं वर ओढतो, म्हणजे बोलणाऱ्या सेटच्या बराच जवळ. बल्ब जळत असताना त्याच पट्ट्यांवर मीटर धरा. चांगला अडॅप्टर इथे दोन-तीन दशांश व्होल्टपेक्षा जास्त खाली येत नाही. माझा पहिला 8.1 वरून 5.6 वर आला. बल्ब नुसता तांबूस दिसत होता.

एक बारीक गोष्ट: थंड बल्बची तार सुरुवातीच्या क्षणी कितीतरी पट जास्त करंट ओढते. काही अडॅप्टर त्या धक्क्याने स्वतःला रोखून धरतात आणि बल्ब पेटतच नाही. अशा वेळी 4.7 ओहमचा, किमान 20 वॅटचा रेझिस्टर वापरा. तो बेताने दीड-पावणेदोन अँपिअर ओढतो. तापतो मात्र चांगलाच, बोट लावू नका.

व्होल्ट कुठे गेले

आता बल्ब जळताच ठेवायचा आणि वाटेवर मागे मागे जायचं. ओहमच्या रेंजवर वायर तपासण्यात वेळ घालवू नका. मीटरच्या स्वतःच्या वायरीच 0.2–0.3 ओहम दाखवतात, आणि आपल्याला शोधायचे दोष तेवढ्यातच लपलेले असतात. कंटिन्युटीची बीप तर त्याहून फसवी, वीस-तीस ओहमलाही ती खुशाल वाजते. करंट वाहत असताना दोन जागांमधला व्होल्टेजचा फरक मोजायचा. ही पद्धत खोटं बोलत नाही.

मी गाडीचं इंजिन बंद ठेवून मोजलं. बॅटरीवर 12.6. सॉकेटच्या आत 12.4, वायरिंगच्या मानाने ठीकच. डमी बॅटरी उघडून बोर्डावर जिथे वायर येते तिथे 7.7. म्हणजे प्लग आणि वायर मिळून 4.7 व्होल्ट गिळत होते. रेग्युलेटर बिचारा उरलेल्यातून 5.6 देत होता, तेही त्याच्या परीने चोख. एक अँपिअरच्या थोडं वर करंट आणि 4.7 व्होल्ट, म्हणजे पाच-साडेपाच वॅट उष्णता अंगठ्याएवढ्या प्लगमध्ये. प्लगला हात लावला आणि मीटर ठेवूनच दिला.

प्लगचं पुढचं टोपण आटे फिरवून निघतं. माझं निघेना, प्लॅस्टिक वितळून आटे चिकटले होते. कापडात धरून पकडीने फिरवलं तेव्हा टोपण, मधलं टोक आणि काचेच्या फ्यूजची एक टोपी असं सगळं एकत्र हातात आलं. फ्यूजची तार शाबूत होती. मीटरने तो चांगलाच दाखवला असता. पण टोपी काचेवर सैल झाली होती आणि तिच्यामागची स्प्रिंग काळीनिळी पडून चपटी झाली होती. स्प्रिंग तापली की तिचा दाब जातो, दाब गेला की जोड सैल होतो, सैल जोड आणखी तापतो. असं महिनोन्‌महिने चाललेलं असणार. नवा 3 अँपिअरचा फ्यूज आणि दुसऱ्या प्लगमधली स्प्रिंग घातली, आतली टोपी घासून चकचकीत केली. बल्बवर 7.8 व्होल्ट.

अनुभव असा की लायटर प्लग हेच या सगळ्या प्रकरणातलं सगळ्यात कच्चं अंग. मुळात ते सॉकेट विडी पेटवायला बनवलेलं, सतत करंट द्यायला नाही. म्हणून वापरलेला अडॅप्टर चांगला असो की वाईट, टोपण एकदा उघडाच. आत फ्यूजऐवजी चॉकलेटची चांदी गुंडाळलेली सापडू शकते, 3 च्या जागी 10 अँपिअरचा फ्यूजही. असं काही दिसलं तर पुढचं सगळं जास्त संशयाने बघा, कारण आधीचा फ्यूज वारंवार का उडत होता याचं उत्तर अजून आतच आहे. बाजूच्या दोन पट्ट्याही बघा. त्या आत दबल्या असतील तर बोटाने थोड्या बाहेर काढा. आणि प्लगवरचा लाल दिवा लागतो याला काडीचीही किंमत देऊ नका. त्याला काही मिलिअँपिअर पुरतात, गंजलेल्या जोडातूनही तो ऐटीत लागतो. 'तपासलेला, चालू' याचा अर्थ पुष्कळदा एवढाच असतो की दिवा लागला.

वायरीचा दोष प्लगच्या किंवा खोक्याच्या मानेजवळ असतो, मध्ये क्वचितच. बल्ब पेटता ठेवून वायर दोन्ही मानेजवळ हळूहळू वाकवा. उजेड लुकलुकला की जागा सापडली. तेवढा तुकडा कापून पुन्हा झाळायचा. वायर मुळातच बारीक असेल तर मात्र उपाय नाही, बदलाच. 22 गेजच्या तांब्याचा हिशेब मीटरला साधारण 0.05 ओहम, दोन मीटरची वायर म्हणजे जाऊन-येऊन चार मीटर, 0.2 ओहम, दोन अँपिअरला 0.4 व्होल्ट. हे चालून जातं की नाही ते रेग्युलेटर कुठे आहे यावर ठरतं. तो डमी बॅटरीत असेल तर वायरीत 12 व्होल्ट वाहतात आणि 0.4 गेल्याने काही बिघडत नाही. काही अडॅप्टरमध्ये तो प्लगमध्येच कोंबलेला असतो. तिथे वायरीत 8 व्होल्टच असतात, आणि वायर जे खाते ते सेटच्या ताटातलं खाते.

दोष नेमका कधी येतो

बल्बवर सगळं ठीक आलं आणि तरी सेट बंद पडत असेल, तर किती वेळाने पडतो हे बघा. लक्षणाच्या वेळेवरून अर्धं निदान होतं.

बटण दाबताच पडत असेल तर अडथळा अजून कुठेतरी आहे, आणि आता संशय डमी बॅटरीच्या पट्ट्या व सेटच्या पिना यांच्यावर. बल्ब लावताना आपण वायरी दाबून धरलेल्या असतात. सेटमध्ये तो दाब घसटलेल्या खटक्यावर अवलंबून असतो. खोकं सेटवर हलतं का बघा, अंगठ्याने दाबून धरून बोलून बघा. पट्ट्या स्पिरिट आणि पेन्सिलच्या खोडरबराने साफ करा. सँडपेपर नको, वरचा मुलामा निघाला की महिन्याभरात पुन्हा काळ्या पडतात.

मिनिटभर बोलल्यावर पडत असेल आणि थोडं थांबलं की पुन्हा चालत असेल, तर उष्णता. जुन्या साध्या अडॅप्टरमध्ये रेग्युलेटर जास्तीचं व्होल्टेज नुसतं जाळतो. 13.8 चे 8 करताना दीड अँपिअरला जवळजवळ 9 वॅट उष्णता होते, तीही प्लॅस्टिकच्या बंद खोक्यात. रेग्युलेटर फार तापला की स्वतःला रोखतो, ही त्याची रचनाच आहे. आत उघडून त्याचा ॲल्युमिनिअमच्या पत्र्याला लावलेला स्क्रू घट्ट आहे का, मधली उष्णता पत्र्यात पोचवणारी पांढरी पेस्ट वाळून पावडर झाली आहे का ते बघा. स्क्रू काढून नवी पेस्ट लावली की पुष्कळ फरक पडतो. माझ्या दुसऱ्या अडॅप्टरमध्ये तो स्क्रूच नव्हता. कोणीतरी आधी उघडून पाहिलं होतं आणि बंद करताना एक स्क्रू 'उरला' असणार.

नव्या धाटणीच्या अडॅप्टरमध्ये स्विचिंग रेग्युलेटर असतो, जो व्होल्टेज जाळत नाही, वीज वेगाने चालू-बंद करून ते कमी करतो: एक चौकोनी आयसी, तांब्याची कॉइल, दोन-तीन उभे कपॅसिटर. हे कमी तापतात, पण यांचं दुखणं कपॅसिटर. काचेमागे उन्हात तापलेल्या गाडीत वर्षं काढली की आतलं द्रव सुकतं. वरचं डोकं फुगलेलं दिसलं तर प्रश्नच नाही, पण न फुगताही ते निकामी होतात. कपॅसिटर सुकल्यावर बल्ब कदाचित फसवेल, कारण मीटर सरासरी दाखवतो आणि त्यावरची वेगवान थरथर साध्या मीटरला दिसत नाही. सोपी परीक्षा म्हणजे चांगला, तेवढ्याच किंवा जास्त व्होल्टचा कपॅसिटर जुन्याला समांतर झाळून बघा, प्लस-मायनस सांभाळून. सेट सुधारला तर जुने सगळेच काढा. नवे 105 अंश तापमान सोसणारे, स्विचिंग सप्लायसाठीचे घ्या. कॉइलच्या पायांचं झाळकामही भिंगातून बघा. ती बोर्डावरची सगळ्यात जड वस्तू, खड्ड्यांतून गाडी उडून उडून तिच्याभोवती बारीक गोल भेग पडते.

आता दोषाचा चौथा प्रकार, जो सगळ्यात जास्त छळतो. बल्बवर ठीक, कमी पॉवरवर बोललं तर ठीक, पूर्ण पॉवरवर बंद. किंवा वायर एका बाजूला सरकवली की ठीक. माझा तिसरा असा होता. इथे व्होल्टेज कमी पडत नाही. सेटच्या आखूड अँटेनेतून निघालेल्या लहरी वीतभर अंतरावरच्या वायरीवर चढतात, रेग्युलेटरच्या आत शिरतात आणि तो गोंधळतो. ओळखायचं कसं? अँटेना काढून तिच्या जागी 50 ओहमचा डमी लोड (लहरी बाहेर न सोडता पॉवर जिरवणारा रेझिस्टर) लावा आणि पूर्ण पॉवरवर बटण दाबा. (परवान्यात नसलेल्या फ्रिक्वेन्सीवर चाचणीचं बोलणं नको, तेव्हा डमी लोड तसाही हवाच. आणि अँटेना काढून मोकळ्या सेटचं बटण कधीच दाबू नका.) डमी लोडवर चालला आणि अँटेनेवर पडला तर निदान पक्कं. वायरीवर, खोक्याच्या अगदी मानेशी, 43 नंबरच्या फेराइटचा (वायरीवर चढलेल्या लहरी अडवणारा चुंबकीय पदार्थ) चाप बसवा आणि जमलं तर वायरीचे दोन-तीन वेढे त्यातून काढा. व्हीएचएफच्या (30 ते 300 मेगाहर्ट्झ) सेटला हा चांगला चालतो. खरा उपाय मात्र छतावर चुंबकाची अँटेना बसवणं. लहरी गाडीबाहेर गेल्या की आतली भानगड संपते, आणि अंतरही वाढतं. नाहीतरी पत्र्याच्या डब्यात बसून रबरी अँटेनेवर बोलणं म्हणजे रांजणात तोंड घालून हाक मारण्यातलाच प्रकार.

खरखर आणि शिट्टी

काही अडॅप्टर सेट बंद पाडत नाहीत, पण आवाज खराब करतात. ॲक्सिलरेटर दाबला की शिट्टीचा सूर चढत असेल तर तो अल्टरनेटरचा (इंजिनवर फिरून वीज बनवणारं यंत्र), विजेच्या वायरीतून येतोय. इंजिन बंद केल्यावर सूर गेला की खात्री झाली. इंजिन बंद असतानाही खरखर असेल किंवा काही ठरावीक चॅनेलवर आपोआप सिग्नल दिसत असेल तर गुन्हेगार स्विचिंग रेग्युलेटर. खात्री अशी करा: सेट त्याच्या स्वतःच्या बॅटरीवर चालवा, अडॅप्टरला बल्ब जोडून शेजारी ठेवा, आणि प्लग आतबाहेर करा. प्लग लावल्याबरोबर स्क्वेल्च (सिग्नल नसताना स्पीकर गप्प ठेवणारी सोय) उघडला तर अडॅप्टर स्वतःच छोटं रेडिओ स्टेशन झालाय. इथेही फेराइट, आणि आउटपुटचे कपॅसिटर.

गाडी 24 व्होल्टची असेल, म्हणजे ट्रक किंवा बस, तर आधी लेबल वाचा. '12–24' असं लिहिलेलं नसेल तर लावू नका. चालू इंजिनवर 24 व्होल्टची गाडी 28 च्या आसपास जाते, आणि 25 व्होल्टचा इनपुट कपॅसिटर त्यावर फार दिवस जगत नाही. लेबल असलं तरी उघडून त्या कपॅसिटरवरचा आकडा वाचा. 50 दिसला तर बरं. कुठलीही गाडी असो, इंजिन सुरू करताना प्लग काढून ठेवा. स्टार्टर फिरताना व्होल्टेज खोल बुडतं आणि लगेच उसळतं, जुन्या अडॅप्टरची त्यातच वाट लागते.

पाळण्याच्या स्टँडमध्ये वीज बरोबर असते पण अँटेनेचा जोड दगा देतो. मधली स्प्रिंगची पिन आत अडकते, सेट बोलतो आणि पॉवर बाहेर पोचतच नाही. मीटरची बीप इथे निरुपयोगी, वॅटमीटर आणि डमी लोड लावूनच बघा. सेट बसवल्यावर 'बॅटरी ओळखता येत नाही' असं दिसलं तर तो दोष नसेलही. हुशार बॅटरीच्या सेटमध्ये माहितीसाठी एक जास्तीची पिन असते आणि डमी बॅटरीत तिला उत्तर द्यायला कोणी नसतं. सेट चालत असेल तर संदेश सोडून द्या.

पुढच्या वेळी विकत घेताना मी विक्रेत्याला दोन गोष्टी मागतो: टोपण उघडलेल्या प्लगचा फोटो, आणि बल्ब जोडून मीटरचा आकडा. पहिली मागणी बरेच जण पुरवतात. दुसरीवर बहुतेक गप्प होतात. बोर्ड काळा पडलेला किंवा खोकं वितळलेलं दिसलं तर घेतच नाही, तिथे झाळून झाळून काय झाळणार.

माझ्या तिन्हींवर आता चिकटपट्टी आहे. पहिल्यावर 8.1/7.8 लिहिलंय, दुसऱ्यावर 7.9/7.7 आणि स्क्रू घातल्याची तारीख. तिसऱ्याला फेराइट चढवूनही पूर्ण पॉवरवर महिन्यातून एखादी उचकी लागतेच, म्हणून त्याच्या पट्टीवर फक्त 'लो पॉवर' एवढंच आहे.